एकवीस मिनिटांचं आभाळ

मित्रांनो, चष्म्याच्या दुकानामागच्या जिन्याखाली, दोन मोडक्या छत्र्यांच्या शेजारी, डोक्यावर उशीचा अभ्रा घालून कुणी उभी दिसते ना, ती मी. पहिल्या नजरेत लोक मला पाण्याचा पाइप समजतात. एकदा तर प्लंबरने मला खांद्यावर टाकून निम्मा जिना चढवलं होतं. पण मी पाइप नाही. मी एक जुनी दुर्बीण आहे. तोंड उघडलं की थापा मारते अशी माझी ख्याती आहे, आणि ती अगदी खरी आहे. चंद्रावरच्या एका खड्ड्यात मी मांजर पाहिलं होतं आणि त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. मात्र आज जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात मांजर नाही. असतं तर बरं झालं असतं.

माझा जन्म एका पिंपाभोवती झाला. दुकानाच्या मालकांना सारी गल्ली ‘चष्मेवाले’ म्हणते. चाळीस वर्षं ते दुसऱ्यांच्या नाकावर काचा बसवत आले. एक दिवस त्यांच्या मनात आलं, की सगळ्यांना चष्मे दिले, आभाळालाच तेवढा द्यायचा राहिला. त्यांनी बशीहून थोड्या मोठ्या, पण विटेसारख्या जाड अशा दोन काचा आणल्या. पाण्याने भरलेल्या पिंपावर एक बसवली, तिच्यावर खरखरीत पूड आणि पाणी घातलं आणि दुसरी काच वर ठेवून घासायला सुरुवात केली. थोडं घासायचं, एक पाऊल बाजूला सरकायचं, पुन्हा घासायचं. अशाने खालची काच फुगीर होत जाते आणि वरची खोलगट. वरची काच म्हणजे मी. माझं बाकीचं अंग, ही नळी, हे स्क्रू, सगळं नंतर आलं. जीव त्या काचेत आहे.

दुकान बंद झालं की रोज दोन तास ते पिंपाला फेऱ्या घालत. माझ्या हिशेबाने दोन वर्षांत ते चंद्रापर्यंत चालत गेले आणि तिथे विसरलेली छत्री आणायला पुन्हा निम्म्या वाटेने माघारी फिरले. त्यांच्या बायकोला मी मुलीच्या देखादेखी आईच म्हणते. आई दारात उभी राहून विचारायची, “काच झिजतेय की फरशी?”

“दोन्ही,” चष्मेवाले मान वर न करता म्हणायचे.

“मग शेवटी फरशीलाही मुलामा चढवा. निदान घरात तोंड तरी दिसेल.”

त्यांची एकुलती एक मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढते. ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ हे ती दिवसभर इतक्या वेळा म्हणते, की झोपेतही तिच्या तोंडून तेच निघतं. एकदा रात्री ती ‘रोखा’ म्हणाली आणि पुढे घोरायलाच लागली. घरातली बाकी दोघं सकाळपर्यंत श्वास धरून बसली होती. (यात थोडा मीठमसाला माझा आहे.)

अखेर माझ्यावर चकचकीत मुलामा चढला, मी नळीच्या तळाशी बसले. नळीच्या तोंडाशी काडेपेटीएवढा एक छोटा तिरपा आरसा बसवला. मी उजेड गोळा करून वर पाठवायचा आणि त्या छोट्याने तो बाजूच्या भोकातून डोळ्यापर्यंत पोचवायचा, अशी आमची वाटणी. माझा पाय गच्चीवरच्या सिमेंटच्या खांबात पक्का केला. पायाशी एक मोटर होती. ताऱ्यांच्या चालीने ती मला हळूहळू फिरवत नेई.

पहिल्या रात्री चष्मेवाल्यांनी मला त्रिकोण नावाच्या तारकासमूहाकडे वळवलं. तिथे एक दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा भोवरा. तिच्यापासून निघालेला उजेड सत्तावीस लाख वर्षं चालून माझ्या पोटात उतरला, आणि मित्रांनो, ही थाप नाही. मी तो अलगद वर पोचवला. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“काहीच नाही,” ते म्हणाले. “आरसा चुकला.”

त्यांनी माझा मुलामा उतरवला आणि मला पुन्हा पिंपावर घातलं. आणखी सहा महिने! माझ्यात काही दोष नव्हता. मी ओरडून ओरडून सांगत होते, पण काचेचं ओरडणं म्हणजे खर्र-खर्र. त्यांना ते घासण्याचंच वाटायचं.

दुसऱ्यांदा गच्चीवर गेलो तेव्हा मुलगीही आली होती. तिने आधी डोळा लावला आणि किंचाळलीच, “बाबा, दिसतंय की! विरलेल्या कापसासारखं, मस्त!”

“बघू.” त्यांनी डोळा लावला. मग चष्मा काढून लावला. मग दुसरा डोळा लावला.

“कुठे कापूस?”

“मधोमध आहे, बाबा.”

चाळीस वर्षं लोकांना ‘आता खालची ओळ वाचा’ सांगणाऱ्या माणसाने स्वतः कधी ती ओळ वाचली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आतला पडदा विरत चालला आहे. आधी अंधारातलं दिसेनासं होईल, मग कडेचं, मग... डॉक्टर तिथे थांबले. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या मुलीला असलं थांबणं बरोबर वाचता येतं. दोन वर्षं, फार तर तीन.

त्यानंतरच्या वर्षात माझं कौतुक खूप झालं. गल्लीतली पोरं रांग लावून चंद्र बघायची, शनीची कडी बघून ‘खोटं आहे, आत चित्र चिकटवलंय’ म्हणायची. चष्मेवाले माझ्या शेजारी खुर्चीवर बसून प्रत्येकाला विचारायचे, “कसं दिसतं?” चंद्र त्यांनाही दिसायचा. पण फिकट गोष्टी, ज्यांच्यासाठी त्यांनी मला घडवलं, त्या फक्त दुसऱ्यांच्या तोंडून. ज्याने मला डोळा दिला त्याला मी काही दाखवू शकत नव्हते. असल्या नोकरीपेक्षा पाइप झालेलं काय वाईट?

मग एक दिवस मुलगी सेकंड हँड कॅमेरा घेऊन आली.

“माणसाचं हाड डोळ्यांना दिसतं का, बाबा? नाही. फोटोत दिसतं. तसंच हे. डोळा उजेड साठवत नाही, कॅमेरा साठवतो. तीन-तीन मिनिटांचे नव्वद फोटो काढू, एकावर एक रचू, आणि लॅपटॉपवर तुम्हाला भर दिवसा दाखवते तुमची ती भोवरी.”

“मला दिसेल?”

“लख्ख उजेडात दिसेल. अजून तेवढं दिसतंय ना तुम्हाला?”

“अजून,” ते म्हणाले.

तेव्हापासून आमचं आणि आभाळाचं वाकडं आलं. ढग नसतील तेव्हा चंद्र, चंद्र नसेल तेव्हा मुलीची रात्रपाळी, रात्रपाळी नसेल तेव्हा पुन्हा ढग. आणि समोरच्या मोकळ्या जागेवर एक मोठं गोदाम उभं राहिलं. त्याच्या आवारात ताडासारखे सहा खांब आले आणि प्रत्येक खांबाच्या टोकाला चार-चार दिवे बसले, तोंडं वर करून. फाटकावर पाटी लागली, की अमुक तारखेपासून आवारात रात्रभर प्रकाश राहील. त्या अमुक तारखेच्या आदल्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. चंद्र नव्हता, रात्रपाळी नव्हती. एकच रात्र होती.

आणि थंडी! मित्रांनो, अशी थंडी मी पाहिली नाही. गल्लीतल्या कुत्र्याने भुंकायला तोंड उघडलं, ‘भ’ काढला आणि ‘ऊ’ दुसऱ्या दिवसावर टाकला. तारेवर वाळत घातलेली चष्मेवाल्यांची पँट आईने काढली तर ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. आईने तिला सवयीने सांगितलं, “आत या, सर्दी होईल.”

सात वाजता अंधार पडला. मुलीने डोळ्याच्या भोकात कॅमेरा बसवला, स्टुलावर लॅपटॉप ठेवून त्याच्यावर चादर टाकली, लाल बल्ब लावला. चष्मेवाले दोन कोट आणि दोन टोप्या घालून खुर्चीवर बसले. आईने त्यांच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि ‘आकाशाच्या नादाने माणूस गोठवायचा आहे तुम्हाला’ असं म्हणत खाली गेली.

“बाबा, तिच्या तोंडापाशी जायचं नाही हं. श्वाससुद्धा लांबून.”

“मग काय, रोखून धरू? सकाळपर्यंत?”

“चेष्टा नाही. इतक्या थंडीत वाफेचा बर्फ होतो.”

“चाळीस वर्षं काचेशी वागतोय मी.”

“म्हणूनच सांगतेय.”

पहिला फोटो सुरू झाला. तीन मिनिटांनी कॅमेरा ‘टक्’ वाजला. मग दुसरा. ती भोवरी माझ्या पोटात अशी स्वच्छ उतरली होती, की मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी थाप न मारता बढाई मारू शकेन. चष्मेवाले प्रत्येक ‘टक्’ला एकेक बोट मिटत होते. चार. पाच. सहा. सात.

“अजून किती?”

“त्र्याऐंशी. गप्प बसा.”

आठव्या फोटोत तारे सुजले. ओल्या कागदावर शाई फुटावी तसे. मुलीने लाल बॅटरी माझ्या तोंडात धरली. छोट्या आरशावर हिमाची बारीक साय धरली होती.

“हिम आलंय छोट्या आरशावर. केसांचा ड्रायर आणते, दोन मिनिटांत वितळेल. तुम्ही हात लावू नका. कशालाच हात लावू नका.” ती धडाधड जिना उतरली.

दोनच मिनिटांचा प्रश्न होता, मित्रांनो.

चष्मेवाले थोडा वेळ बसले. मग उठले. अंधारात त्यांना मी दिसत नव्हते, म्हणून हाताने चाचपत आले. माझ्या नळीवरून तो हात वर सरकत गेला तेव्हा मला कळलं. मी नको म्हटलं. पण माझं कधी कुणी ऐकलंय?

त्यांच्या दुकानातून एकही काच अशी गेली नाही, की जिच्यावर त्यांनी वाफ सोडली नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवण्याआधी ते काच तोंडाजवळ धरतात, ‘हाऽऽ’ करतात आणि खिशातल्या फडक्याच्या कोपऱ्याने दोनदा पुसतात. चाळीस वर्षं. त्यांची माया म्हणजे तो ‘हाऽऽ’. त्यांनी माझ्या तोंडात डोकं घातलं आणि छोट्या आरशावर अगदी मायेने वाफ सोडली.

वाफ लागताच गोठली. त्यांनी फडकं फिरवलं, ते चिकटलं. त्यांनी ओढलं, पुन्हा फिरवलं, जोर लावून. हिमाचे कण किती धारदार असतात ते तुम्हाला ठाऊक नसेल. पिंपावरच्या त्या खरखरीत पुडीचेच ते भाऊबंद. मी तळाशी होते, मला सगळं ऐकू येत होतं. खर्र. खर्र. खर्र.

मुलगी आली. तिने बॅटरी आत धरली.

“हात लावलात?”

“पुसून दिलं गं. आता स्वच्छ असेल बघ.”

“बाबा, मी काय सांगून गेले होते?”

“अगं... हात गेला.” त्यांनी फडकं खिशात ठेवलं. बाहेर काढलं. पुन्हा ठेवलं. “सवयीने हात गेला.”

तिने ड्रायर लावला. बर्फ वितळला, त्याचा ओघळ झाला, ओघळाखालून ओरखडे दिसू लागले. तरीही ती हटली नाही. ‘ओरखड्यांतून जेवढं येईल तेवढं येईल’ असं पुटपुटत तिने कॅमेरा पुन्हा सुरू केला आणि ड्रायर चालूच ठेवला. तो आणि माझी मोटर एकाच बोर्डावर होती. फट् झालं. फ्यूज उडाला. लाल बल्ब गेला, मोटर थांबली. मी जागच्या जागी उभी राहिले आणि सत्तावीस लाख वर्षं चाललेली ती भोवरी माझ्या नजरेसमोरून शांतपणे चालत निघून गेली.

खाली आईने मेणबत्तीच्या उजेडात फ्यूज बदलला. त्यात अर्धा तास गेला. मुलीने मला पुन्हा त्रिकोणाकडे वळवलं, पुन्हा नेम धरला. आणि तेवढ्यात समोरच्या एका खांबावरचे चार दिवे लागले.

ती कठड्याशी धावली. खांबावर वायरमन चढला होता.

“अहो दादा! उद्यापासून ना? पाटीवर उद्याची तारीख आहे!”

“चाचणी आहे, ताई! आज चाचणी, उद्यापासून कायम!”

“दोन तास थांबा ना! फक्त दोन तास!”

“का बरं?”

“अंधार हवाय आम्हाला!”

खांबावरचा माणूस जरा वेळ विचारात पडला. “लोक उजेडासाठी अर्ज करतात, ताई,” तो म्हणाला. “अंधाराचा अर्ज कुठे द्यायचा मला माहीत नाही. माझे हात गोठलेत, मला उतरायचंय.” आणि त्याने उरलेले वीस दिवेही लावून टाकले.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण आभाळ गेलं. सायीच्या दुधात माशी बुडावी तसा एकेक तारा बुडाला. गच्चीवर पेपर वाचता येईल इतका उजेड झाला. चष्मेवाले खुर्चीतून उठून मुलीपाशी आले. गेल्या वर्षभरात रात्रीच्या वेळी गच्चीवर चंद्राखेरीज त्यांना पहिल्यांदाच काही दिसत होतं.

“तू रडतेयस होय?” ते म्हणाले. “केव्हापासून?”

ओरखडे दिसले तेव्हापासून ती रडत होती. अंधारात त्यांना कळलं नव्हतं.

छोटा आरसा नवा आणता आला असता. पण अंधार कुठून आणणार? माझा पाय सिमेंटमध्ये होता, त्या खांबाशिवाय मला दुसरीकडे नेऊनही उपयोग नव्हता. पुढे मला खांबापासून सोडवलं, जिन्याखाली आणून उभं केलं आणि वर उशीचा अभ्रा घातला. ‘दिव्याखाली अंधार’ अशी म्हण आहे म्हणे. आमच्या गल्लीत चोवीस दिवे आहेत, तिथे वाटीभर अंधार कुणाला सापडला तर मला कळवा.

राहता राहिले सात फोटो. एकवीस मिनिटं. मुलीने दोन संध्याकाळ खपून ते एकावर एक रचले, आणि एका दुपारी लॅपटॉप दुकानाच्या काउंटरवर आणून ठेवला. जिन्याखालून, दुकानाच्या मागच्या दारावरच्या कापडी पडद्याच्या फटीतून मला काउंटर दिसतो. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर मधोमध एक फिकट, राखाडी, गोलसर डाग होता. नीट पाहिलं तर त्यात वळणं होती. नव्वद फोटोंनी त्याचे हात उमलले असते. सातांनी एवढंच जमलं होतं.

चष्मेवाल्यांनी चेहरा जवळ नेला. मग काय केलं असेल? त्यांनी पडद्यावर ‘हाऽऽ’ केलं, फडक्याचा कोपरा काढला आणि तो डाग पुसायला लागले.

“कुणाचा अंगठा उमटलाय गं हा? पडदे हाताळताना बोटं स्वच्छ ठेवावीत.” त्यांनी पुन्हा पुसलं. “जात नाही.”

मुलीने लॅपटॉप जरा त्यांच्याकडे वळवला.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “तीच ती आहे.”

फडकं हवेत थांबलं. ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

“एवढीच?”

“एवढीच आली.”

“अडीच वर्षं घासली काच,” ते म्हणाले. “एवढीच?”

मी जिन्याखालून सांगत होते, अहो, नाही हो एवढीच! मी पाहिलीय! तिला हात आहेत, हातांत गाठी आहेत, गाठींत तारे आहेत! पण जन्मभर मांजरं पाहणारीचं कोण ऐकणार?

मित्रांनो, या गोष्टीतून बोध काय घ्यायचा ते मला धड कळलेलं नाही. अंगणात दिवा लावाल तर त्याचं तोंड खाली करा, आभाळाला त्याचा काही उपयोग नसतो. कुणी ‘दोन मिनिटं थांब’ म्हणालं तर थांबा, माया उतू जात असली तरी. आणि तुमच्या घरी कुणी सारखं ‘कसं दिसतं?’ असं विचारत असेल, तर त्याला एकदा खालची ओळ वाचायला सांगा. लवकर सांगा.

तो फोटो मुलीने काच लावून दुकानात टांगला. चष्मेवाले रोज दुकान उघडलं की आधी त्याच्यापाशी जातात, ‘हाऽऽ’ करतात आणि पुसतात. एकदा एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, “काका, अंगठा राहिला बघा मधे.”

“पुसून बघा,” ते म्हणाले आणि फडकं तिच्या हातात दिलं.

तिने मनापासून पुसलं. “जात नाही हो.”

“नाही ना?” एवढंच म्हणून त्यांनी फडकं परत घेतलं.

आता त्यांच्या नजरेची कडही जायला लागली आहे. काल सकाळी ते आले, ‘हाऽऽ’ केलं आणि वीतभर बाजूची भिंत पुसली. दोनदा, काळजीपूर्वक. मुलगी मागे उभी होती. दुपारी ते जेवायला गेल्यावर तिने खिळा उपटला आणि फोटो वीतभर सरकवून, त्यांचा हात जिथे पडतो तिथे ठोकला.

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. यात मांजर नाही.